सहाशे एकर गिरणगाव

परभणी, सेलू, मानवत, पाथरी या पट्ट्यातल्या काळ्या रानात वेचलेला कापूस शंभर वर्षांपूर्वी मुंबईला पोचायचा तो बऱ्याच हातांमधून. बैलगाड्या भरून कापूस जिनात यायचा. तिथं सरकी वेगळी व्हायची, रुई दाबून तिच्या गाठी बांधल्या जायच्या आणि गाठी रेल्वेच्या मालधक्क्यावर जाऊन पडायच्या. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे ही निजामाच्या मुलखातली मीटर गेज लाइन विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली. तिने परभणीला एका अंगाने हैदराबादशी जोडलं आणि दुसऱ्या अंगाने मनमाडशी. मनमाडला रूळ बदलायचे. लहान रुळावरच्या डब्यातली गाठ हमालाच्या पाठीवरून मोठ्या रुळावरच्या डब्यात जायची, मग घाट उतरून मुंबई. तिथं १९२०च्या दशकात शिवडीला प्रचंड कॉटन डेपो बांधला गेला. हार्बर लाइनवरच्या कॉटन ग्रीन स्टेशनाच्या नावात तो व्यापार अजून शिल्लक आहे. आमच्याकडच्या लांब धाग्याच्या गावरानी कापसाला तिथल्या बाजारात वेगळी ओळख होती. परभणीच्या महेबूब बाग फार्मवर कापसाचं संशोधन आजही चालतं, त्यामागे हीच परंपरा आहे.

या वाटेच्या शेवटी गिरणगाव होतं. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, वरळी, प्रभादेवी आणि लोअर परळ मिळून झालेलं. आज त्याच लोअर परळमध्ये राहणं हे श्रीमंतीचं लक्षण मानलं जातं. पन्नास-साठ मजल्यांचे मनोरे, खालचे पाच-सहा मजले गाड्यांसाठी, वर पोहण्याचा तलाव, समोर मॉल, पलीकडे बँकांची आणि जाहिरात कंपन्यांची कार्यालयं. हे सगळं जिच्यावर उभं आहे ती सुमारे सहाशे एकर जमीन एकेकाळी अठ्ठावन्न कापड गिरण्यांच्या ताब्यात होती. काळ बदलला, गिरण्या गेल्या, मनोरे आले, असं सांगण्याची आता रीत पडली आहे. मला ते पटत नाही. काळाने आपणहून एकही भोंगा बंद केला नाही आणि एकही मनोरा उभारला नाही. प्रत्येक पायरीवर माणसांनी निर्णय घेतले. त्या निर्णयांना तारखा आहेत, कलमं आहेत, सह्या आहेत. म्हणून ही हकीकत तारखांसकट सांगायला हवी.

सुरुवात १८५४ची. कावसजी नानाभाई दावर या पारशी व्यापाऱ्याने बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन केली आणि ताडदेवला तिची गिरणी दोन वर्षांत सुरू झाली. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, तेव्हा त्यांनी हिंदुस्थानचा कापूस उचलला. वऱ्हाडात, खानदेशात, निजामाच्या मुलखात कापसाला सोन्याचा भाव आला आणि तो पैसा मुंबईत जमा झाला. त्यातला पुष्कळसा सट्ट्यात बुडाला, पण जो उरला त्याने शहराच्या उत्तरेला गिरण्या उभ्या केल्या. तेव्हा हा भाग गावाबाहेरचा होता. जमीन सखल, दलदलीची, तळ्यांनी भरलेली, म्हणून स्वस्त. काही गिरण्यांना ती सरकारकडून किंवा शहर सुधारणा मंडळाकडून पट्ट्याने मिळाली. गिरणी चालवायची, माणसांना काम द्यायचं, यासाठी मिळाली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे सगळा वाद याच गोष्टीपाशी येऊन थांबतो.

कामगार आले रत्नागिरी आणि साताऱ्याकडून. कोकणात जमीन तुटपुंजी, घाटावर पाऊस लहरी. आमच्या मराठवाड्यातून माणसं फारशी गेली नाहीत. तो मुलूख निजामाचा, रेल्वे उशिरा आलेली आणि माणसाला बांधून ठेवायला जमीन होती. आमचा कापूस गेला, माणसं नाही गेली. १९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातली कुटुंबंच्या कुटुंबं मुंबईला पोचली, तोवर गिरणीची भरती संपत आली होती. त्यांच्या वाट्याला बांधकामाची पाटी आणि मजूर नाका आला.

गिरणगावातलं राहणं म्हणजे चाळीतला गाळा. एका खोलीत एकाच गावचे वीस-तीस जण. पहिल्या पाळीचे उठून गेले की त्यांच्या वळकट्यांच्या जागी रात्रपाळीचे येऊन आडवे व्हायचे. जेवण खानावळवाल्या बाईकडे. ती बहुधा कामगाराचीच बायको किंवा विधवा, दहा-पंधरा माणसांचं दोन वेळचं रांधायची आणि पगारापर्यंत उधारी सांभाळायची. या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बँकेचं कर्ज मिळवून देणारी ती संघटना पुढे देशभर नावाजली गेली. गिरणीच्या आत कामाचीही उतरंड होती. रिंगखात्यात सूत कातायचं, वाइंडिंगला बहुतेक बायका, साचेखात्यात विणकर. साचेखात्याला पगार सर्वांत चांगला. पण तिथं दलित कामगाराला शिरकाव नव्हता. धोट्यातली कांडी बदलताना धाग्याचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि अस्पृश्याने तोंड लावलेल्या धोट्याला सवर्ण विणकर हात लावायला तयार नसत. परळच्या बीआयटी चाळीत वर्षानुवर्षं राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला होता. गिरणगावची आठवण काढताना एकोप्याबरोबर हेही आठवावं लागतं. त्याशिवाय ते चित्र खरं होत नाही.

दारावर जॉबर उभा असे. कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला बदली म्हणून परत पाठवायचं, हे त्याच्या मर्जीवर. बदली कामगार म्हणजे रोज सकाळी गेटवर जायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी. अशी दहा-दहा वर्षं बदलीत काढलेली माणसं १९८२पर्यंत होती.

या वस्तीने महाराष्ट्राला काय दिलं, त्याची यादी लांब आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधली आणि १८९०च्या जूनमध्ये रविवारची सुटी मिळवली. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या, वर्षाला एक दिवस या हिशेबाने. १९२८चा संप सहा महिने चालला आणि त्यातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन मोठी झाली. श्रीपाद अमृत डांगे त्याच संपातून पुढे आले. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकखाली काळबादेवीत जीव देणारा बाबू गेनू गिरणीतलाच. अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांचा शाहिरी फड आणि नारायण सुर्वे यांची कविता याच गल्ल्यांतली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात रस्त्यावर उतरलेला मोठा जमाव गिरणगावचा होता, आणि हुतात्म्यांमध्ये गिरणी कामगार होते. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यातून १९४८ साली सुटला, १ नोव्हेंबर १९५६ला द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०ला मुंबईसकट महाराष्ट्रात. मुंबई ज्यांच्या लढ्यामुळे आपल्या राज्यात राहिली, त्यांच्या घरांचं पुढे काय झालं, हा प्रश्न म्हणूनच परभणीच्या माणसालाही विचारण्याचा हक्क आहे.

स्वातंत्र्यानंतर गिरणी मालकांनी नफा काढला, पण यंत्रं फारशी बदलली नाहीत. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या साच्यांवर काम चालू राहिलं. दुसरीकडे १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच मान्यताप्राप्त संघटनेला बोलणी करण्याचा अधिकार दिला. तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगाराचा त्या संघावर विश्वास असो वा नसो, करार तोच करणार. १९८१च्या दिवाळीत बोनसवरून खदखद उसळली. प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलचे कामगार घाटकोपरला डॉ. दत्ता सामंत यांच्या घरी गेले आणि आमचं नेतृत्व करा म्हणून अडून बसले. सामंत तेव्हा इंजिनिअरिंग कारखान्यांत पगारवाढीचे मोठे करार करून देणारे पुढारी म्हणून गाजत होते. कापड धंद्याची त्यांना फारशी माहिती नव्हती, आणि सुरुवातीला ते तयार नव्हते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. मागण्या पगारवाढीच्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या, आणि तो १९४६चा कायदा रद्द करण्याच्या. सरकारने चर्चेचं दार उघडलंच नाही. एका बाहेरच्या पुढाऱ्याला मान्यता दिली तर गोदीपासून सगळीकडे तेच होईल, ही दिल्लीची धास्ती होती. मालकांनाही घाई नव्हती. कोठारांत माल पडून होता, तो संपाच्या काळात चढ्या भावाने खपला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडून कापड विणून घेऊन त्यावर गिरणीचा छाप मारण्याची सोय होती. देशात कापडाची टंचाई झाली नाही, त्यामुळे संपाचा वार कुणाला बसलाच नाही. आमच्याकडे तेव्हा एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस सरकारी केंद्रावर घालायचा आणि पणन महासंघाने तो विकायचा. जिनं चालू राहिली, गाठी बांधल्या जात राहिल्या. कापसाला दुसरी वाट सापडली. कामगाराला सापडली नाही.

माणसं गावाकडे गेली. ज्यांचं गाव उरलं नव्हतं ती चाळीतच राहिली. भांडी विकली, मंगळसूत्रं गहाण पडली, मुलांच्या शाळा सुटल्या. ऑगस्ट १९८२मध्ये मुंबईचे पोलीस बंडाला उठले तेव्हा गिरणगाव पुन्हा रस्त्यावर आलं, पण तेवढंच. १९८३च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. डिसेंबर १९८४मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या काँग्रेसच्या लाटेत, सामंत मुंबईतून लोकसभेवर निवडून आले. मतदारांनी त्यांना सोडलं नव्हतं. संप मात्र हरला होता. तो मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत सामंतांवर गोळ्या झाडल्या गेल्या.

संपाने गिरण्या मारल्या, हे वाक्य मी परभणीत कापसाच्या अडतीवरही ऐकलं आहे आणि मुंबईच्या लोकलमध्येही. संपानंतर बहुतेक गिरण्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. कामगार कमी घेतले, पण भोंगे वाजत होते. त्या खऱ्या अर्थाने बंद पडत गेल्या पुढच्या पंधरा वर्षांत, जेव्हा त्यांच्या खालच्या जमिनीचा भाव त्यांच्यातल्या कापडापेक्षा कितीतरी पटीने वाढला. मुंबई बेट अरुंद. दक्षिणेला कार्यालयांना जागा उरलेली नाही, उत्तरेला उपनगरं, आणि बरोबर मधोमध दोन रेल्वेमार्गांच्या कुशीत ही सहाशे एकर. गिरणी चालवण्यात तोटा नसता तरी ती बंद करण्यात जास्त फायदा होता.

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८वा नियम आला. गिरणीची जमीन विकायला किंवा तिचा वापर बदलायला प्रथमच परवानगी मिळाली, पण अटीवर. जमिनीचे ढोबळमानाने तीन भाग करायचे. एक महापालिकेला, बागा आणि मैदानांसाठी. एक म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. तिसरा मालकाला, त्याने त्यावर हवं ते बांधावं. आलेल्या पैशातून कामगारांची देणी द्यावीत, गिरणी सुधारावी. या नियमाइतका समंजस तोडगा मुंबईच्या जमिनीबाबत क्वचितच कुणी काढला असेल. मालकाला त्याचं, कामगाराला त्याचं, शहराला शहराचं.

मालकांनी तो अमलात येऊच दिला नाही. नियमात एक फट होती. गिरणीची जुनी शेड न पाडता आतल्या आत वापर बदलला तर जमीन वाटावी लागत नव्हती. मग शेड तशीच ठेवून आत कार्यालयं, दुकानं, हॉटेलं थाटली गेली. सेनापती बापट मार्गावरच्या फिनिक्स मिलमध्ये नव्वदच्या दशकाच्या शेवटी बोलिंग अ‍ॅली उघडली, पुढे तिथं अख्खा मॉल झाला. कमला मिल, रघुवंशी मिल, मथुरादास मिल, तोडी मिल, सगळीकडे हाच प्रकार. याच काळात जमिनीच्या व्यवहारांत टोळ्या शिरल्या. ७ मे १९९४ रोजी खटाव मिलचे सुनीत खटाव यांची महालक्ष्मीजवळ भर रस्त्यात हत्या झाली.

१९९६ साली राज्य सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पंचवीस गिरण्या त्यांनी पाहिल्या. खासगी मालकांनी त्यांना आत येऊ दिलं नाही. कोरियांचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक गिरणीचा तुकडा सुटा सुटा वाटून उपयोग नाही. सगळ्या जमिनी एकत्र मांडा, मग मैदान एका जागी मोठं निघेल, घरं एका जागी नीट बसतील, रस्ते रुंद होतील. परळ आणि एल्फिन्स्टन रोड या एकमेकांना खेटून असलेल्या स्थानकांभोवती चालणाऱ्यांसाठी मोकळी जागा ठेवण्याचा विचार त्यात होता. अहवाल सरकारला सादर झाला आणि तिथंच राहिला. मुंबईने गेल्या पन्नास वर्षांत काय गमावलं असं कुणी विचारलं, तर मी हा अहवाल पुढे ठेवीन.

घाव बसला २००१ साली. नियम ५८ दुरुस्त झाला. आता तीन भाग करायचे ते सबंध जमिनीचे नव्हे, फक्त त्या वेळी मोकळ्या असलेल्या जमिनीचे. शेड पाडून जी जमीन मोकळी होईल ती वाटणीत धरायची नाही. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? जवळजवळ सगळीकडे शेड, कोठारं, चिमणी, बॉयलर. एका दुरुस्तीने शहराचा आणि कामगारांचा वाटा चिमूटभर उरला. ही दुरुस्ती विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना झाली. ते लातूरचे, आमच्या मराठवाड्याचे. शेतकऱ्यांच्या घरातला, जमिनीचं मोल जाणणारा माणूस त्या खुर्चीत असताना हे व्हावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपने उच्च न्यायालयात दाद मागितली. तो खटला चालू असतानाच २००५ साली वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या गिरण्या लिलावात काढल्या. ज्युपिटर मिल २७६ कोटींना गेली. कोहिनूर मिल क्रमांक ३ गेली ४२१ कोटींना. मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे सतरा एकर जागा ७०२ कोटींना. महामंडळाची बाजूही ऐकायला हवी. त्यांच्यावर कर्ज होतं, हजारो कामगारांची स्वेच्छानिवृत्तीची रक्कम द्यायची होती, आणि देशभरातल्या काही गिरण्या त्यांना चालू ठेवायच्या होत्या. पण सरकारी मालकीची, शहराच्या पोटातली जमीन एकदा विकली की ती परत मिळत नाही. १७ ऑक्टोबर २००५ रोजी उच्च न्यायालयाने मूळ वाटणीच्या बाजूने निकाल दिला. पाच महिन्यांच्या आत, ७ मार्च २००६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्यानंतर अडवणारं कुणी नव्हतं. २०२३ साली बॉम्बे डाइंगने वरळीची सुमारे बावीस एकर जमीन ५,२०० कोटी रुपयांना एका जपानी समूहाच्या कंपनीला विकली. एकरी किती झाले, याचा हिशेब वाचकाने करून पाहावा.

आता तिथं राहणं कसं आहे? मनोऱ्यांत राहणाऱ्यांवर दोष टाकावा असं मला वाटत नाही. त्यातले पुष्कळ जण स्वतःच्या कमाईवर, वीस वर्षांच्या कर्जावर घर घेऊन राहिले आहेत, आणि कार्यालय चालत जाण्याच्या अंतरावर असणं ही मुंबईत मोठी गोष्ट आहे. आमच्या परभणीची मुलंही आता तिथं नोकरीला आहेत. कुणी संगणकावर, कुणी मॉलच्या दाराशी गणवेश घालून उभं. पण जे गिरणगाव गमावून हे उभं राहिलं त्याची किंमत या नव्या रहिवाशांनाही मोजावी लागते. पंचेचाळिसाव्या मजल्यावरून समुद्र दिसतो, आणि खाली उतरल्यावर मुलाला खेळायला मैदान नाही. ना. म. जोशी मार्ग आणि गणपतराव कदम मार्ग गिरणीच्या काळात माणसं पाळीच्या वेळी चालत जाण्यासाठी होते. आज त्यांच्यावर दिवसभर गाड्या अडकून पडलेल्या असतात. सखल जमीन सखलच राहिली, मोठ्या पावसात पाणी साचतं. डिलाइल रोडचा पूल २०१८ साली धोकादायक म्हणून बंद झाला, तो पुन्हा पूर्ण खुला व्हायला २०२३चा नोव्हेंबर उजाडला.

२९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ. अचानक जोराचा पाऊस आला. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर गाडीतून उतरलेले आणि पावसापासून आडोसा शोधणारे लोक एकमेकांत अडकले. चेंगराचेंगरीत तेवीस जण गेले. त्यातले बहुतेक या परिसरातल्या कार्यालयांत, बाजारांत कामाला निघालेले. गिरणीच्या आवारांत लाखो चौरस फुटांची कार्यालयं उभी राहत असताना स्थानकाचा जिना रुंद करण्याचं कुणाला सुचलं नव्हतं. शेवटी लष्कराला बोलावून नवा पूल बांधावा लागला. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबर उजाडण्याआधी मध्यरात्रीनंतर, कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून चौदा जण मेले. दोन्ही घटनांची चौकशी झाली, जबाबदाऱ्या ठरल्या. पण त्यांचं मूळ १९९१ आणि २००१च्या त्या नियमात आहे, असं कुठल्या अहवालात लिहिलेलं मी पाहिलं नाही.

कामगारांचं काय झालं? बंद गिरणी कामगार संघर्ष समिती १९८९ साली उभी राहिली. मॉडर्न मिलचे कामगार दत्ता इस्वलकर तिचे प्रमुख. मृदू बोलण्याचा, पण हटायचा नाही असा माणूस. गिरणी परत सुरू होणार नाही हे ध्यानात आल्यावर त्यांनी एकच मागणी धरली: जिथं काम केलं त्या जमिनीवर राहायला घर द्या. सरकारला ती मानावी लागली, हे या सबंध इतिहासातलं कामगारांचं शेवटचं मोठं यश. म्हाडाने अर्ज मागवले तेव्हा दीड लाखाच्या आसपास कामगार आणि वारस पुढे आले. २०१२च्या जूनमध्ये पहिली सोडत निघाली, ६,९२५ घरांची. २०१६ साली २,६३४ घरं. १ मार्च २०२० रोजी बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जमिनीवरची ३,८९४. या तिन्ही सोडतींची बेरीज साडेतेरा हजारांच्या आत आहे. इस्वलकर ७ एप्रिल २०२१ रोजी गेले.

घर मिळालं ते सव्वादोनशे चौरस फुटांचं. ज्यांना मिळालं त्यातल्या कित्येकांनी ते भाड्याने दिलं किंवा विक्रीबंदीची मुदत संपण्याची वाट पाहत राहिले. याबद्दल त्यांना बोल लावला जातो. पण आयुष्यभर डोंबिवली, बदलापूर, नालासोपाऱ्याला राहून पोरांचे संसार तिकडेच रुजले, साठी-सत्तरी उलटली, मग परळला एका खोलीत परत येऊन काय करायचं? भाजीचा भावही आता मॉलच्या हिशेबाने आहे.

बीडीडी चाळींची कथा निराळी आणि अधिक सुखाची. १९२०च्या दशकात ब्रिटिश सरकारने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोडला या काँक्रीटच्या चाळी बांधल्या, प्रत्येक खोली एकशे साठ चौरस फुटांची. त्यातल्या वरळी, नायगाव आणि डिलाइल रोडच्या भाडेकरूंना जागच्या जागी पाचशे चौरस फुटांचं मालकीचं घर द्यायचं ठरलं, कारण जमीन सरकारची होती आणि सरकारने ती विकली नाही. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. त्याच शहरात, त्याच सरकारच्या हाताखाली, दोन मैलांच्या आत हे दोन्ही घडलं आहे. जमीन हातात ठेवली की काय होतं आणि सोडली की काय होतं, हे पाहायला दुसरीकडे जावं लागत नाही.

उरलेल्या गिरणी कामगारांसाठी सरकारने कर्जत-अंबरनाथकडे, शेलू आणि वांगणीला घरं बांधण्याचं योजलं आहे. जुलै २०२५मध्ये कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले ते याच्याच विरोधात. आम्हाला मुंबईतच घर हवं, आमच्या गिरणीच्या जमिनीवर, हे त्यांचं म्हणणं. जमलेल्यांत सत्तरी-पंच्याहत्तरीतली माणसं होती, १९८२ साली तिशीत असलेली. शासनाचं उत्तर असं की मुंबईत जागा नाही. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या आवारात गिरण्यांचं संग्रहालय करण्याची योजनाही महापालिकेच्या हाती आहे, त्यासाठी जागा निघाली. वस्त्रोद्योग महामंडळाच्या काही गिरण्यांच्या जमिनी अजून शहरात शिल्लक आहेत. त्यांच्या आवारातल्या जुन्या चाळींत कामगारांची कुटुंबं राहतात, आणि त्यांचा पुनर्विकास कुणी करायचा यावर केंद्र, राज्य आणि म्हाडा यांच्यात अजून बोलणी चालू आहेत.